उठलं की स्क्रीन काळी

या महिन्यात एकाच तक्रारीच्या पत्रांचा भरणा आहे. स्क्रीन लुकलुकते, जाते-येते, हलते. मॉनिटर बदलला तरी तेच. म्हणून हा अंक त्यालाच देते. प्रिंटरवाले आणि वायफायवाले, जरा दम धरा. माझं मिरजेतलं दुकान दुरुस्तीचं आहे, विक्रीचं नाही. त्यामुळे ‘नवीन घ्या’ हे उत्तर माझ्याकडून सगळ्यात शेवटी येतं, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे.

पहिलं पत्र मुद्दाम वर घेतलंय. ते मॉनिटरचं नाहीच.

प्रश्न : संध्याकाळी सातनंतर मुलाच्या कॉम्प्युटरची स्क्रीन लुकलुकते आणि यूपीएस मध्येच पीं पीं करतो. त्याच वेळी हॉलमधला दिवा मंद होतो आणि स्वयंपाकघरातला एकदम झगझगीत होतो. पंखाही कधी हळू, कधी भरारा. घरात थ्री-फेज मीटर आहे. मॉनिटरला स्टॅबिलायझर लावू का?
— एक गृहिणी, तासगाव तालुका

उत्तर : ताई, स्टॅबिलायझर राहू द्या. हे वाचून झालं की मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. एक दिवा मंद आणि त्याच क्षणी दुसरा झगझगीत, म्हणजे न्यूट्रल (वीज परत जायची वायर) कुठेतरी सैल झालाय. थ्री-फेजमध्ये वीज आणणाऱ्या तीन वायरी, म्हणजे फेज, असतात. त्यातली कुठलीही एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. न्यूट्रल सुटला की दोन फेजवरची उपकरणं एकमेकांच्या मागे जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. वाटणी सारखी होत नाही. जिथे लोड जास्त तिथे व्होल्टेज कमी, आणि जिथे एखादा बल्ब नि मोबाइलचा चार्जर एवढंच चालू आहे तिथे ३०० च्या वर. फ्रिज, टीव्ही, चार्जर एका रात्रीत जातात ते असेच. सातनंतरच होतं, कारण तेव्हा घरातलं लोड वाढतं, सैल जोडातून करंट जास्त वाहतो आणि तो जोड तापतो.

शेजाऱ्यांकडे विचारा. त्यांच्याकडेही तसंच असेल तर दोष खांबावर किंवा डीपीवर आहे; वीज कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन करा आणि ‘लाइट कमी-जास्त होतेय’ असं मोघम न सांगता ‘न्यूट्रल लूज आहे’ असं स्पष्ट सांगा. फक्त तुमच्याकडे असेल तर मीटर ते मेन बोर्ड यातला एखादा स्क्रू सैल किंवा काळा पडलेला सापडेल. गल्लीतला हौशी पोरगा खांबावर चढवू नका. मुलाचा कॉम्प्युटर ठीक आहे.

प्रश्न : इचलकरंजीत पहिल्या मजल्यावर माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे, खाली यंत्रमागांचा कारखाना. सहा महिन्यांपासून मॉनिटर अचानक काळा होतो आणि दोन सेकंदांनी आपोआप परत येतो. कधी ‘नो सिग्नल’ अशी पाटी दिसते. दिवसातून किती वेळा, काही नेम नाही. २० तारखेला रिटर्न भरायच्या गर्दीत तर जीव नकोसा होतो. एका टेक्निशियनने मॉनिटर बदलायला लावला. नव्या २७ इंचीचंही तेच. दुसरा म्हणतो ग्राफिक्स कार्ड गेलंय, तिसरा म्हणतो स्टॅबिलायझर लावा. सीपीयू आतल्या खोलीत असल्याने पाच मीटरची एचडीएमआय केबल टाकली आहे, लाइटच्या वायरींच्याच पट्टीतून, म्हणजे दिसायला नीट. (मॉनिटरची पिन भिंतीवरच्या बोर्डात आहे, सीपीयू यूपीएसवर.) नक्की काय बदलू?
— कर सल्लागार, इचलकरंजी

उत्तर : तूर्त काहीच बदलू नका. पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय आणि त्याखालोखाल महत्त्वाचं ‘दिसायला नीट’ म्हणून सोडून दिलंय. दोन्हीकडे येते.

आधी लक्षण. स्क्रीन मंद होत नाही, हलत नाही. पूर्ण काळी होते आणि दोन सेकंदांनी जशीच्या तशी परत येते. म्हणजे मॉनिटरचा वीजपुरवठा आणि बॅकलाइट ठणठणीत आहेत. आजच्या मॉनिटरचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो, त्यामुळे स्टॅबिलायझरने फरक पडणार नाही. उलट त्यातला रिले खटखट करत आणखी एक ठिणगी पाडणार. तुमच्याकडे जाते आहे ती लाइट नाही, सिग्नल.

एचडीएमआय केबलमध्ये चित्राचा डेटा वाहणाऱ्या तीन जोड्या असतात आणि चौथी जोडी ताल धरते, म्हणजे क्लॉक. साध्या फुल एचडी चित्राला, सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशोबाने, हा क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झचा असतो आणि प्रत्येक डेटा जोडीतून सेकंदाला जवळजवळ दीडशे कोटी बिट जातात. बाहेरून एक बारीकसा विजेचा झटका केबलवर आला आणि डेटाचे चार बिट बिघडले, तर स्क्रीनवर क्षणभर एखादा ठिपका चमकतो; तुमच्या लक्षातही येत नाही. पण झटका क्लॉकवर बसला तर मॉनिटरचा ताल सुटतो. भजनात एखादा टाळ चुकला तर खपून जातं, मृदंगच अडखळला तर सगळ्यांना थांबून पुन्हा पहिल्यापासून धरावं लागतं. तुमचे दोन सेकंद म्हणजे ते पुन्हा धरणं.

आता झटका येतो कुठून? खाली कारखाना आहे म्हटल्यावर बोट मागांकडे जाणार, आणि बहुधा ते खरंही असेल. मोटर चालू-बंद करताना स्टार्टरच्या कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी पडते. मोटरच्या गुंडाळीतला करंट एकदम तोडला की तो मुकाट्याने थांबत नाही, हजार-दोन हजार व्होल्टचा एक सूक्ष्म स्पाइक वायरीवर सोडून जातो. पण मी असं नुसतं ‘बहुधा’वर सोडणार नाही. टेबलावर एक वही ठेवा. स्क्रीन गेली की घड्याळातली वेळ आणि त्या क्षणी काय चालू-बंद झालं एवढंच लिहा: खालचे माग, पाण्याचा पंप, लिफ्ट, ऑफिसातला एसी, फ्रिज, ट्यूबचा स्टार्टर, शेजारच्या घरातला मिक्सर. चार-पाच दिवस पुरे. माग ज्या दिवशी बंद असतात तो दिवस आवर्जून लिहा. त्या दिवशीही स्क्रीन गेली, तर बिचाऱ्या कारखानदाराशी भांडण टळलं.

वेळ पकडणं हे अर्धं निदान आहे. मिरजेत दवाखान्यांची कमी नाही, त्यामुळे तिथली कामं माझ्याकडे येतात. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनने कॉटरी, म्हणजे विजेने कापायचं-डागायचं हत्यार, पायाने पेडल दाबून चालू केली की ईसीजीची रेघ वेडीवाकडी होते आणि पाय काढला की सरळ. तिथे कुणी मॉनिटर बदला म्हणत नाही, कारण कार्य आणि कारण दोन्ही डोळ्यांसमोर असतं. तुमचं कारण मजल्याखाली आहे, एवढाच फरक.

घरी जुना ट्रान्झिस्टर असेल तर ऑफिसात आणा. मीडियम वेव्हवर, जिथे एकही स्टेशन लागत नाही अशा जागी काटा ठेवा आणि आवाज वाढवा. रेडिओ भिंतीवरच्या बोर्डाजवळ न्या, केबलच्या पट्टीवरून हळूहळू फिरवा, एलईडी दिव्याखाली धरा. जिथे खरखर वाढते तिथून गोंधळ बाहेर पडतोय. खाली माग सुरू होताना रेडिओत ‘कट्’ असा आवाज आला आणि त्याच ठोक्याला स्क्रीन गेली, तर चोर रंगेहाथ सापडला. स्वस्तातला एलईडी दिवासुद्धा असा चोर निघू शकतो. त्यातला फिल्टर पैसे वाचवायला गाळलेला असतो. दिवा बंद केला की खरखर थांबते, इतकं सोपं.

आता ती ‘नीट’ दिसणारी पट्टी. पाच मीटर एचडीएमआय पाच मीटर लाइटच्या वायरीला खेटून, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने अँटेना बांधली आहे. वायरीतला प्रत्येक स्पाइक शेजारच्या केबलमध्ये उतरतो, आणि दोन्ही जितक्या लांबपर्यंत समांतर चालतील तितका जास्त. केबल पट्टीतून बाहेर काढा आणि दोन दिवस जमिनीवरून, लाइटच्या वायरींपासून हातभर लांब, अशी खुशाल लोंबू द्या. गिऱ्हाइकं काय म्हणतील ते म्हणोत. कुठे वायर ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. जमलं तर एक दिवस सीपीयू टेबलाशेजारी आणून दीड मीटरच्या केबलवर चालवा. या दोन्हींत एक पैसाही लागत नाही, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात.

आणखी एक फुकट परीक्षा आहे. डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० हर्ट्झच्या जागी ३० हर्ट्झ मिळत असेल तर ते लावून बघा. डेटाचा वेग निम्मा होतो. माउस जरा ओढल्यासारखा चालेल, पण काळं होणं थांबलं तर समजा की केबल जेमतेम काठावर चालली होती आणि छोट्या धक्क्यालाही पडत होती. मग केबल बदलायला हरकत नाही. खोक्यावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं प्रमाणपत्राचं स्टिकर आणि स्कॅन करायचा कोड असलेली घ्या; या प्रमाणपत्रासाठी केबलमधून बाहेर पडणाऱ्या गोंधळाचीही तपासणी होते. सोन्याचा मुलामा, नायलॉनची विणलेली वेणी, याला भुलू नका. ती वेणी कापडाची आहे. खरं कवच आत असतं, आणि ते दोन्ही टोकांच्या धातूच्या तोंडाला गोलाकार पूर्ण जोडलेलं असावं लागतं. स्वस्त केबलमध्ये ते एका तारेने कसंबसं टाचलेलं असतं.

आता तुमचा कंस. सीपीयू यूपीएसवर एका खोलीत, मॉनिटर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर. दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगमध्ये फरक असला, किंवा एका ठिकाणी अर्थिंग नसलंच, तर तो फरक एचडीएमआय केबलच्या कवचातून वाहत राहतो. जे कवच गोंधळ अडवायला आहे त्याच्यावरूनच गोंधळ धावतो. सीपीयूच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावून बघा. पेटतोय? हाताच्या मागच्या बाजूने हलकेच स्पर्श केला तर झिणझिण्या येतात? मग त्या बोर्डाला अर्थिंग नाही. पॉवर सप्लायमध्ये फेजकडून आणि न्यूट्रलकडून असे दोन छोटे कपॅसिटर धातूच्या पेटीला जोडलेले असतात, कचरा अर्थमध्ये सोडण्यासाठी. अर्थच नसली की ते दोघे मिळून पेटीवर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट आणून ठेवतात. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून माणूस फेकला जात नाही. पण कॉम्प्युटरचा सगळा कचरा मग केबलमार्गे मॉनिटरकडेच जातो.

वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा आणि तीन आकडे तुमच्यासमोर मोजायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशेच दाखवलं तर अर्थची वायर अधांतरी लोंबतेय. आणि माग, एसी सगळं जोरात चालू असताना न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आलं तर खूश होऊ नका; सॉकेट उघडून बघायला लावा. कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थच्या पिना आतल्या आत तारेच्या तुकड्याने जोडलेल्या सापडतील. ही युक्ती आपल्याकडे सर्रास चालते आणि ती जीवघेणी आहे: पुढे कधी न्यूट्रल तुटला तर कॉम्प्युटरची पेटी, फ्रिजचं दार, सगळं थेट फेजवर येतं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्याच्या पाइपात पाणी घालायचं असतं, हे इमारतीत कुणाच्या गावी नसतं.

अर्थिंग नीट झालं की मॉनिटर आणि सीपीयू दोन्ही एकाच यूपीएसवर, एकाच बोर्डावर घ्या. मॉनिटरपुरती एक थ्री-पिन वायर ओढून आणावी लागेल, आणावीच. तिला टू-पिन अडॅप्टर लावून अर्थ मारू नका.

एवढं करूनही कधीमधी गेलीच तर फेराइट. केबलच्या टोकाला तो काळा ठोकळा बघितला असेल, तोच. चिमट्यासारखा मिटणारा सुटाही मिळतो. मॉनिटरच्या तोंडापासून बोटभर अंतरावर लावा, आत हलत असेल तर लहान मापाचा घ्या. केबलच्या आत सिग्नल जातो आणि परत येतो, त्याचा परिणाम फेराइटपुरता शून्य. कवचावरून एकाच दिशेने धावणाऱ्या गोंधळाला मात्र तो अडवतो. मॉनिटरच्या पॉवर केबललाही एक लावा. ती लवचीक असेल तर त्यातून दोन वेढे काढा, परिणाम दुप्पट नाही, चौपट होतो.

ग्राफिक्स कार्डवाल्याला तूर्त नमस्कार कळवा. आणि जुना मॉनिटर अजून विकला नसेल तर ठेवून घ्या, तो चांगला आहे.

प्रश्न : हसू नका. मी नागपूरला घरून काम करते. खुर्चीतून उठलं की स्क्रीन काळी होते. बसताना कधीकधी, उठताना हमखास. नवऱ्याला दाखवायला गेले की होत नाही. सासूबाईंनी खुर्चीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.
— भाषांतरकार, नागपूर

उत्तर : हसत नाहीये. हे खरं आहे, आणि इतकं सर्रास आहे की डॉकिंग स्टेशनच्या (लॅपटॉपला मॉनिटर वगैरे जोडायच्या डब्याच्या) चिप बनवणाऱ्या एका कंपनीने ग्राहकांसाठी चक्क लिहून ठेवलंय: गॅसच्या खुर्चीवर बसता-उठताना झटका निर्माण होतो, तो व्हिडिओ केबल पकडते आणि चित्र जातं.

तुमची खुर्ची वर-खाली होणारी, मधे गॅसचा दांडा असलेली आहे ना? उठताना तुमचे कपडे सीटपासून सुटतात आणि चार्ज तयार होतो. तो खुर्चीच्या धातूच्या भागांवर जातो. हे भाग एकमेकांना पक्के जोडलेले नसतात, मधे प्लॅस्टिक, वंगण, रबर असतं. मग दोन भागांमध्ये डोळ्यांना न दिसणारी ठिणगी उडते. ती काही नॅनोसेकंदांचीच असते, पण वरच्या उत्तरात सांगितलेला ताल चुकवायला तेवढी पुरते. वायरीतून यायचीही गरज नाही, ती हवेतून येते. म्हणून यूपीएस, स्टॅबिलायझर, स्पाइक गार्ड यांनी काहीच होणार नाही.

नवऱ्याला दिसत नाही, कारण दाखवायला म्हणून तुम्ही लगेच बसून लगेच उठता. चार्ज साठायला तासभर बसून हलणं-डुलणं लागतं. आणि कपडे कुठले ते बघा. सिंथेटिक कुर्ता, वर लोकरीचं जाकीट आणि खाली पॉलिस्टरच्या जाळीची सीट, या त्रिकुटाला तोड नाही. नागपूरची डिसेंबर-जानेवारीतली कोरडी हवा किंवा मेमधली त्याहून कोरडी. दमट हवेत चार्ज टिकत नाही. रत्नागिरीहून मला अशी तक्रार आजवर आलेली नाही आणि पावसाळ्यात तुमच्याकडूनही येणार नाही.

उपाय करताना खुर्चीपासून नाही, केबलपासून सुरुवात करा. टेबलाखाली खुर्चीच्या दांड्याजवळ केबलचं वेटोळं पडलेलं असणार. ते उचलून टेबलाच्या मागच्या कडेला बांधा. केबल लहान घ्या. लॅपटॉपला एचडीएमआयसाठी छोटा कन्व्हर्टर लावला असेल तर पहिला संशय त्याच्यावर, आतलं कवच तिथेच तुटतं. फेराइट लावा. सीटवर सुती खोळ किंवा जुनी सुती साडी चौपदरी करून टाका. लॅपटॉपचा चार्जर थ्री-पिन असेल तर अर्थ असलेल्या सॉकेटातच लावा.

सासूबाईंना सांगा, मोहऱ्यांऐवजी खोलीत पाण्याचा ओला पंचा वाळत घातला तरी चालेल.

प्रश्न : दुकानात आठ कॅमेऱ्यांचा सीसीटीव्ही आहे. सात स्वच्छ दिसतात. रस्त्यापलीकडच्या गोदामातल्या कॅमेऱ्याच्या चित्रावर रुंद धूसर पट्टे हळूहळू वर सरकतात. बसवणाऱ्याने मॉनिटर बदलला, मग कॅमेरा बदलला, मग डीव्हीआरच्या, म्हणजे रेकॉर्डरच्या, पिनेची वरची जाड पिन काढून टाकली. त्यावर पट्टे गेले, पण आता डीव्हीआरला हात लावला की चटका बसतो.
— किराणा व्यापारी, बार्शी

उत्तर : ती जाड पिन आजच्या आज परत बसवा. ती अर्थची आहे, आणि इतर दोन पिनांपेक्षा लांब ठेवलेली असते ती उगाच नाही: सॉकेटात ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून. ती काढून चित्र सुधारतं हे खरं, पण त्याची किंमत म्हणजे उद्या डीव्हीआरच्या आत एक वायर सुटली तर पेटी थेट फेजवर.

पट्टे सांगतात ते ऐका. आपल्याकडचे कॅमेरे सेकंदाला २५ फ्रेम देतात आणि आपली वीज ५० हर्ट्झची. दोन्हींचा मेळ जवळजवळ बसतो, पण तंतोतंत नाही, म्हणून वीज चित्रात घुसली की पट्टा एका जागी न थांबता रमतगमत सरकतो. भराभर धावणारा पट्टा असता तर मी दुसरं काही शोधलं असतं. गोदामाचं मीटर वेगळं, अर्थिंग वेगळं. दोन इमारतींच्या जमिनीत एक-दोन व्होल्टचा फरक असणं अगदी सामान्य आहे. कॅमेऱ्याचा सिग्नल मुळात एक व्होल्टच्या आसपासचा. केबलच्या कवचाने दोन्हीकडच्या अर्थ जोडल्या की तो फरक सिग्नलच्या डोक्यावर बसतो. हिला ग्राउंड लूप म्हणतात.

खात्री करायची तर डीव्हीआरची अर्थ आधी पूर्ववत करा, मग गोदामाच्या केबलचं गोल टोक मागून काढा आणि त्याच्या बाहेरच्या धातूवर नि डीव्हीआरच्या पेटीवर मल्टिमीटर एसीवर लावा. हात मधे नको. व्होल्ट-दोन व्होल्ट दिसले की झालं. वीस-तीस दिसले तर गोदामाचं वायरिंग आधी तपासा. मग तीन मार्ग आहेत. कॅमेरा लोखंडी खांबावर बसवलाय का? मधे लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाटी टाका. कॅमेऱ्याची बॉडी खांबामार्फत जमिनीला लागली असेल तर लूप तिथेच तुटतो. दुसरा मार्ग, त्या कॅमेऱ्याचे १२ व्होल्ट गोदामातून न घेता दुकानातूनच न्या, पण अंतर जास्त असेल तर व्होल्टेज वाटेत गळतं. तिसरा, केबलच्या टोकाला ग्राउंड लूप आयसोलेटर नावाचा बोटभर डबा बसवा. घेताना तुमचा कॅमेरा एचडी आहे हे सांगा, नाहीतर जुन्या कॅमेऱ्यांसाठीचा हातात देतील आणि चित्र धूसर होईल. मला विचाराल तर पहिला करून बघा आणि थेट तिसऱ्यावर जा.

प्रश्न : १९९८ साली कॉटन ग्रीनला रेल्वेलाइनलगत आमचं डीटीपीचं काम चाले. लोकल सुटली की स्क्रीनवरची अक्षरं किंचित एका बाजूला सरकत आणि गाडी लांब गेली की जागेवर येत. आता त्याच खोलीत मुलाचा एलसीडी आहे, काही होत नाही. तेव्हा सगळे मला वेड्यात काढत. काय होतं ते? तो जुना मॉनिटर अजून माळ्यावर आहे.
— निवृत्त डीटीपी चालक, मुंबई

उत्तर : काका, तुम्ही वेडे नव्हता. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये मागच्या मानेतून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो आणि पुढच्या काचेवर आपटतो. चुंबकाने तो वळतो. त्याच्यावरच चित्र काढायचं सगळं तंत्र उभं आहे. मग बाहेरच्या चुंबकाने तो का वळणार नाही? तुमच्या हार्बर लाइनवर तेव्हा १५०० व्होल्टचा डीसी होता. एवढ्या कमी व्होल्टेजवर गाडी ओढायची तर सुटताना हजाराच्या घरात अँपिअर लागतात. हा करंट वरच्या तारेतून येतो आणि खालच्या रुळातून परत जातो. मधे पाचेक मीटरचं अंतर. असा प्रचंड वेढा खिडकीबाहेर असल्यावर त्याचं चुंबकीय क्षेत्र तुमच्या टेबलापर्यंत पोचणारच. डीसी असल्यामुळे अक्षरं थरथरत नव्हती, सरकून राहत होती. एखाद्या इमारतीत मीटर रूमच्या भिंतीला लागून असाच मॉनिटर ठेवला तर तो थरथरायचा: वीज ५० हर्ट्झ, स्क्रीन ६० हर्ट्झ, म्हणून सेकंदाला दहा वेळा. तिथे मॉनिटर भिंतीपासून लांब सरकवणं किंवा ८५ हर्ट्झ लावून थरथर डोळ्यांना न जाणवेलशी करणं, एवढंच हातात असे.

एलसीडीत झोतच नाही, त्यामुळे वळायला काही नाही. शिवाय रेल्वेही बदलली. पश्चिम रेल्वेवरचा डीसी २०१२ साली गेला आणि तुमच्या हार्बरवरचा २०१६ साली. आता २५,००० व्होल्ट एसी. तेवढ्याच ताकदीला करंट साधारण सोळाव्या हिश्शाने लागतो.

माळ्यावरचा मॉनिटर चालू करून बघायचा मोह आवरा, आणि मागचं झाकण तर उघडूच नका. रंगीत नळीवर चालू असताना २०,००० व्होल्टच्या वर असतात आणि बंद केल्यावरही चार्ज मागे राहू शकतो. नेहमीच्या भंगारवाल्याला देऊ नका. तो तांब्याच्या गुंडाळीसाठी नळीची मान फोडतो, नळी आत दबून काचा उडतात, आणि त्या काचेत शिसं असतं. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात अधिकृत ई-कचरा घेणाऱ्यांची चौकशी करा आणि तो अख्खाच्या अख्खा त्यांच्याकडे सोपवा.